हॅझल रोडचा दात

१२ ऑगस्ट, रविवार

पत्रकं छापून आली — चुकीची!

चार हजार पत्रकं, आणि एकूण एक पत्रकावर रेष ओढ्याच्या काठाने सरळ खाली गेली आहे. दात गायब! ज्या दातासाठी मी सात वर्षं घसा फोडतो आहे, तोच गायब! छापखानेवाला म्हणतो, "एवढं बारीक वाकडंतिकडं छपाईत नीट उठत नाही हो, म्हणून मीच सरळ केलं." मीच सरळ केलं! राजधानीतल्या लोकांनी वाकडं केलेलं सरळ करायला आम्ही राज्यभर सह्या गोळा करत फिरलो, आणि या गृहस्थाने ते जेवणाच्या सुट्टीत करून टाकलं!

लुसिलबाईंना फोन केला. आमच्या मतदार मंडळाच्या अध्यक्ष त्या. उभा जन्म शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेला. म्हणाल्या, "ऑरिन, लोकांना मुद्दा कळल्याशी कारण."

"मुद्दाच तर छापला नाही ना, बाई!"

"मग पेनाने काढ."

काढतो आहे. काळ्या शाईने, एकेक. रागाच्या भरात काही दात जास्तच मोठे आले. ते बाजूला ठेवले. चुकीचा नकाशा मी वाटणार नाही — चूक आमच्या फायद्याची असली तरी नाही.

डोकं तापलं की मी गोष्ट पहिल्यापासून लिहून काढतो. म्हणून पुन्हा एकदा: टॅमरॅक फॉल्स गाव एका मतदारसंघात. गावाची पूर्वेकडची हद्द म्हणजे ओढा. ओढ्यापलीकडे दलदल, आणि दलदलीपलीकडे दुसरा मतदारसंघ, ज्याचं मुख्य गाव गाडीने तासाभरावर. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हद्द ओढ्यावरच होती. पाण्याने आखलेली, कुणाची तक्रार नाही. मग गेल्या जनगणनेनंतर विधिमंडळातले आमचे तेव्हाचे प्रतिनिधी ग्रॅडी होल्कम आणि त्यांच्या मित्रमंडळींनी नवे नकाशे केले. आता रेष ओढ्याने येते, आमच्यापाशी आली की ओढा सोडते, वर चढून हॅझल रोडच्या मधोमध येते, आमच्या बाजूची मूठभर घरं गिळते आणि पुन्हा ओढ्यात उतरते. नकाशावर हुबेहूब दात. रस्त्यासमोरची टिली पाव्हलॅक अजून गावाच्या मतदारसंघात आहे. आणि आम्ही, तिचा रेडिओ आमच्या ओट्यावर ऐकू येतो इतक्या जवळचे आम्ही, दलदलीपलीकडच्या लोकांचे!

आणि हे कशासाठी? माझ्यासाठी. त्या वर्षी होल्कमविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारा या रस्त्यावर एकच माणूस राहत होता. माझी त्यांना भीती वाटली. मला कापून बाहेर टाकलं.

होल्कम कुठल्या पक्षाचा ते मी लिहीत नाही. आमचं मंडळ कुठल्याच पक्षाचं नाही, आणि नियम म्हणजे नियम. या वहीतसुद्धा.

१९ ऑगस्ट, रविवार

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जत्रेत दिवसभर. पाय गेले कामातून.

टेबल गुरांच्या तंबूशेजारी मिळालं! लुसिलबाईंनी आल्या आल्या खाण्याची तपासणी केली. कुणीतरी ब्लूबेरीचा केक आणला होता. निळा! लगेच, "शेजारी चेरीचा ठेवा. लाल नसेल तर निळाही नको." एक रंग या पक्षाचा, दुसरा त्या पक्षाचा, आणि आमच्या टेबलावर केकनेसुद्धा बाजू घ्यायची नाही. माझ्या बायकोने, मर्नाने, घरून अलुबुखारचा केक नेला होता. जांभळा. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मंजूर केला.

लाकडी नकाशाभोवती मात्र गर्दी हटली नाही. तो मी केला आहे — बासवुडची फळी, बारीक पात्याची करवत, अख्ख्या राज्याचे मतदारसंघ सुटे सुटे तुकड्यांत. करवत चालवायला मला कुणी शिकवलं नाही, आणि जनगणनेचे नकाशे वाचायलाही नाही. दोन्ही बसून शिकलो. कडा इतक्या नेमक्या, की तुकडा बसला की पान सरकत नाही. सगळ्यात शेवटी मी खिशातून दात काढतो, नखाएवढा, आणि विचारतो, "आता हा कुठे बसतो?" कुणालाच जमत नाही. मग मी बसवतो आणि गोष्ट सांगतो.

दूधवाला आयव्हर टॉफ्ट आला. म्हणतो, "एवढासा तुकडा म्हणजे तू? बाकी राज्य केवढं, आणि तू केवढा!"

म्हटलं, "दाढ दुखते तेव्हा ती केवढी असते रे?"

हसला. पत्रक घेतलं. मत देईल.

प्रस्तावही मी चार वाक्यांत सांगतो. आम्ही सह्या गोळा करून नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न आणला आहे: मतदारसंघाच्या रेषा आमदारांनी आखायच्या, का साध्या नागरिकांच्या आयोगाने? हो म्हणालात तर आयोग. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची. ज्याला खुर्ची हवी आहे त्याच्या हातात खडू द्यायचा नाही. संपलं.

मर्ना मात्र माझी दाताची गोष्ट सुरू झाली की नेमकी कॉफी आणायला जाते. दर वेळी! कितीदा ऐकणार म्हणा.

२५ ऑगस्ट, शनिवार

नाणं टाकून कपडे धुवायच्या लाँड्रीत मतदार नोंदणी. कपडे फिरत असतात, माणूस कुठे जाऊ शकत नाही — शिकवायला याच्यासारखी जागा नाही.

एक बाई चादरींच्या घड्या घालत होती. आमच्याच रस्त्यावर, आमच्याच बाजूला नवीन राहायला आलेली. विचारलं, "तुमचा प्रतिनिधी कोण?" म्हणाली, "होल्कम ना? गावात सगळीकडे त्याच्याच पाट्या." म्हटलं, "गावाचा होल्कम. तुमचा नाही." तिचा विश्वास बसेना. मी दात दाखवला. तेव्हा म्हणाली, "म्हणून! वसंतात रस्त्याखालची मोरी तुंबली, तळघरात पाणी आलं. होल्कमच्या कचेरीत फोन केला तर म्हणे, तुमची बाजू आमची नाही. दुसऱ्या कचेरीत केला तर म्हणे, रस्त्याची ती बाजू आमची नाही. अहो, मोरी मध्ये आहे!"

मोरी मध्ये आहे! हे वाक्य मी चोरणार. पत्रकावर हे हवं होतं.

शेवटी मोरी साफ झाली ती मर्ना जाऊन रस्ते-विभागाच्या दारात डबा उघडून बसली म्हणून. साहेब जेवून परत येईपर्यंत बसली. दोन्ही प्रतिनिधींपैकी एकानेही बूट ओला केला नाही.

वाळवणयंत्रापाशी उभा असलेला एक जण म्हणाला, "रेष इकडची तिकडे केली म्हणून माझा पगार वाढणार आहे का?" मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. तो म्हणाला, "माझे मोजे झाले." गेला! अशांना काय करायचं?

३ सप्टेंबर, सोमवार

कामगार दिनाची मिरवणूक. मंडळाची रांग — सगळे तपकिरी टोप्यांत. लाल नाही, निळा नाही. आम्ही चालताना शिळ्या पावांच्या ताटासारखे दिसतो. चालेल.

चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. दहा पावलं जाऊ देत नाहीत लोक! मला नव्हे, मर्नाला. "मर्ना, उद्या बस कुठल्या वळणावर थांबणार?" "मर्ना, माझ्या नातीचं नाव घातलंस का?" ती शाळेच्या बसगाड्यांचा कारभार बघते, सकाळी रेडिओवर चालकांना वाटा सांगते. अर्धं गाव तिच्या आवाजाने उठतं. पत्रकं माझ्या हातात, आणि लोक हात हलवतात तिला. आयव्हर तर ओरडला, "मर्ना, तू उभी राहा गं! होल्कमला पळवू!" ती हसली आणि म्हणाली, "आयव्हर, तुझी मिरवणूक पुढे गेली बघ."

फालतू विनोद. मिरवणुकीत उमेदवारीची भाषा नको, हे लुसिलबाईंनी बजावलं होतं.

१० सप्टेंबर, सोमवार

११ ऑक्टोबरला शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर चर्चा. आमच्या बाजूने मी बोलणार! प्रस्तावाच्या विरुद्ध राजधानीहून वकील येणार आहे. लुसिलबाई म्हणाल्या, "आकडे मी सांगेन. तू दाताची गोष्ट सांग. या काउंटीत लोक आकड्यांना मत देत नाहीत, दाताला देतील."

दात पुन्हा पॉलिश केला.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं. लिहितो तरी.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये शुक्रवारची मासळी. तळलेला पर्च, कोबीची कोशिंबीर. शेजारच्या टेबलावर ड्वेन स्ट्रिकलर. निवृत्त होऊन तळ्याकाठी घर बांधलं आहे. आयुष्यभर विधिमंडळाच्या कचेरीत होता. आयव्हर म्हणाला, "यांनीच तुझे नकाशे काढले बरं का." मी उठलोच. खिशातून दात काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"ओळखता का?"

चष्मा वर केला. हातात घेतला. "वा! काम नेटकं आहे. हॅझल रोड ना?"

"हो. मी ऑरिन डायकहाउस."

वाट पाहिली. काही नाही! चेहऱ्यावर काही नाही!

"वर्तमानपत्रातली पत्रं," मी म्हटलं. "होल्कमविरुद्ध. ज्याच्यासाठी तुम्ही हा दात काढला, तो मी."

माणूस हसला. हिणवून नाही, खरोखर गंमत वाटून हसला — ते जास्त वाईट. म्हणाला, "तुमच्यासाठी? अहो मिस्टर डायकहाउस, पत्रं लिहिणाऱ्यांना बाहेर काढायला लागलो तर राज्यात रेषा पुरायच्या नाहीत! तुमचं नाव मी आत्ता ऐकतोय. तो दात बाईंसाठी काढला. त्या बसवाल्या बाई. पूर्वेकडची शाळा बंद होणार होती, तेव्हा माणसं जमवून सभागृह भरून टाकलं होतं त्यांनी. होल्कम तिथून पडलेल्या चेहऱ्याने आला. मला म्हणाला, 'ही बाई उभी राहिली तर मी गेलो. हिचं घर बघ कुठे आहे.' बघितलं. मतदारसंघात घर नसेल तर तिथून उभं राहता येत नाही ना. ओढ्याशेजारीच होतं, सोपं गेलं. बाकीची घरं आपली बरोबर आली." मग वरून विचारतो, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

म्हटलं, "बायको आहे."

आयव्हर हसायचा थांबला. स्ट्रिकलरने दात परत केला. तेलाचा डाग पडला आहे त्याच्यावर.

खोटं बोलत असेल. राजधानीचा माणूस. सगळे खोटं बोलतात.

१५ सप्टेंबर, शनिवार

मर्नाला काही विचारलं नाही. दिवसभर दात घासला. डाग जात नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

विचारलं. भांडी पुसता पुसता विचारलं, सहज विचारावं तसं. "होल्कमविरुद्ध उभं राहायचं तुझ्या मनात होतं का गं कधी?"

तिने थाळी खाली ठेवली. "कोण भेटलं तुला?"

म्हणजे खरं आहे!

सात वर्षं! सात वर्षं मी ती गोष्ट चर्चच्या तळघरांत, लाँड्रीत, गुरांच्या तंबूत सांगत फिरलो, आणि ही कॉफी आणायला जात राहिली! मी ओरडलो. तिने ओरडू दिलं. मग म्हणाली, शाळा वाचल्यावर तीन-चार जण घरी आले होते, मी बाहेर होतो. उभी राहा म्हणाले. तिने विचार करते म्हणून सांगितलं. विचार करेपर्यंत नकाशा आला आणि आपण बाहेर. विषय मिटला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच दिवशी तू नकाशा घेऊन धावत आलास. दारातूनच ओरडलास, 'मर्ना, बघ, मला घाबरले!' ऑरिन, फर्निचरचा कारखाना बंद होऊन तेव्हा तुला सहा महिने झाले होते. सहा महिने तू खुर्चीवरून उठत नव्हतास. त्या दिवशी उठलास. इतका आनंद झाला होता तुला रागवायला! मी काय म्हणायचं होतं — ते तुला नाही, मला घाबरले?"

"खरं ते म्हणायचं होतं!"

"मग म्हणते आता. मला घाबरले."

आणि भांडी पुसायला लागली.

१७ सप्टेंबर, सोमवार

दया केली माझ्यावर. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. होल्कमने कापलं ते परवडलं!

२० सप्टेंबर, गुरुवार

लुसिलबाईंकडे गेलो. म्हटलं, चर्चेला दुसरं कुणी बघा. त्यांनी कारण विचारलं, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गोष्ट आधीपेक्षा चांगली झाली की."

चांगली! माझं तोंड काळं झालं आणि यांची गोष्ट चांगली झाली!

"तुझ्या जागी मर्नाच बोलू दे," म्हणाल्या. मी घरी येऊन मर्नाला तसं सांगितलं. (चार दिवसांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.) ती म्हणाली, "मी कुणाच्या टेबलावरचा केक नाही. गोष्ट तू पसरवलीस, तूच गोळा कर."

बाईंचा पुन्हा फोन. "हे बघ, ऑरिन. आपल्याकडे पैसा नाही, टीव्ही नाही. आपण दोन्ही बाजूंना खरं सांगतो, एवढ्यावर लोक दार उघडतात. जुनी गोष्ट पुन्हा सांगितलीस तर मीच उठून चूक आहे म्हणेन. आणि गप्प बसलास तर ही काउंटी गेली. आता तू ठरव."

शाळेतल्या पोरासारखं कोपऱ्यात उभं केलं मला.

२९ सप्टेंबर, शनिवार

आयव्हर टॉफ्टने गावभर केलं असणार. धान्याच्या दुकानात एक जण म्हणाला, "काय, बसवाल्या बाईंचे मिस्टर?"

पोतं उचललं आणि बाहेर पडलो.

८ ऑक्टोबर, सोमवार

समोरच्या टिलीच्या अंगणात "घर भाड्याने देणे आहे" अशी पाटी. ती थंडीच्या आधी मुलीकडे ॲरिझोनाला जाणार, कायमची. गुडघे बर्फाला कंटाळले म्हणते. पाटी वाकडी लावली होती. जाऊन सरळ केली. तेवढंच एक काम आज नीट झालं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

कालची चर्चा. काल लिहिणं शक्य नव्हतं.

व्यायामशाळा भरलेली. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं. स्ट्रिकलर चौथ्या रांगेत — हातात पॉपकॉर्न! वकील गुळगुळीत बोलला. "रेषा आखणं हे तज्ज्ञांचं काम. चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसांच्या हाती राज्य देणार?" त्याच्यासमोर कागद होते. त्यात माझं नावही असणार, त्याला कुणीतरी सांगितलं असणारच. माझी गोष्ट सुरू होण्याची तो वाटच पाहत होता.

पण माझी चूक दाखवायचा मान मी दुसऱ्या कुणाला देणार नव्हतो.

उठलो. नकाशा उभा केला. दात काढला. म्हटलं, "हा दात माझ्यासाठी काढला, असं मी तुम्हाला सात वर्षं सांगत आलो. ते चूक आहे. ज्यांनी तो काढला त्यांनी माझं नावही ऐकलं नव्हतं. हवं तर विचारा, ते चौथ्या रांगेत पॉपकॉर्न खातायत." लोक हसले. हसू दिलं. आणि मग मला खरा राग आला — या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा योग्य माणसांवर आला. म्हटलं, "तो माझ्या बायकोसाठी काढला. तिने पूर्वेकडची शाळा वाचवली म्हणून. ती उभी राहिली असती. तुम्ही तिला निवडून दिलं असतं, नसतं, तुमची मर्जी. पण तो प्रश्न तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही! तुम्हाला विचारायच्या आधी तुमचं उत्तर कापून ओढ्यापलीकडे टाकलं! आणि इतक्या सफाईने, की तिच्या घरात, तिच्या टेबलावर जेवणाऱ्या माणसालासुद्धा कळलं नाही. मला वाटलं, माझं काहीतरी नेलं. नेलं होतं तुमचं."

मग टिली पाव्हलॅक काठी टेकत उठली. तिच्या त्या चिरक्या आवाजात, "मर्ना, तू उभी राहणार होतीस? आणि मी तीनदा त्या होल्कमला मत दिलं! दुसरं कुणी नव्हतंच ना मतपत्रिकेवर! मला का नाही कुणी विचारलं?"

सगळे मागे वळले. मर्ना दाराशी उभी होती. हातात कॉफीचे दोन कप — अर्थात! म्हणाली, "मलाही नाही विचारलं, टिली." एवढंच. आणि पुढे येऊन एक कप माझ्यासमोर ठेवला.

वकिलाने नंतर पुष्कळ सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं.

गाडीत मर्ना म्हणाली, "आवाज फार चढवलास."

म्हटलं, "हो."

"शेवटी शेवटी बरं वाटलं."

मी अजून रागावलेलो आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेपासून मतदान केंद्रावर, नियमाप्रमाणे दारापासून दूर. पाऊस आणि वारा, पत्रकांचा लगदा. आमच्या दातातल्या लोकांना वेगळी मतपत्रिका — निम्मे चुकीच्या रांगेत उभे राहिले! मी एकेकाला खांद्याला धरून फिरवलं. लाँड्रीतला मोज्यांचा माणूस आला. मला बघून म्हणाला, "पुन्हा सांगू नका, पाठ आहे."

७ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो! राज्यातही आणि आमच्या काउंटीतही. लुसिलबाई रडल्या. हॉलमध्ये लाल, निळे, जांभळे सगळे केक एका टेबलावर, आणि कुणी तपासणी केली नाही.

आणि मग बाईंनीच चष्मा पुसून पुढचं वाचून दाखवलं. आयोग बसणार पुढच्या जनगणनेनंतर. मग सुनावण्या, मग नकाशे. नव्या रेषांवर पहिलं मतदान चार वर्षांनी. दोन वर्षांनी होणारी निवडणूक जुन्याच नकाशावर! मला माहीत होतं, प्रस्ताव मला तोंडपाठ आहे, तरी ऐकताना पुन्हा टाळकं सरकलं. म्हणजे होल्कम अजून एकदा निवांत! दात अजून चार वर्षं जागच्या जागी!

घरी येईपर्यंत मी बडबडत होतो. मर्ना चालवत होती. हॅझल रोडवर वळल्यावर गाडी थांबवून ती टिलीच्या पाटीकडे बघत राहिली. म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. पाटी तू सरळ केलीस ना? तरीच."

२४ नोव्हेंबर, शनिवार

मर्नाने टिलीचं घर भाड्याने घेतलं. "रेष हलायला चार वर्षं लागतील," म्हणाली, "मला पंचवीस पावलं. मी दोन वर्षांनी उभी राहतेय, ऑरिन." म्हटलं, या घरातलं प्रत्येक कपाट मी माझ्या हाताने केलं आहे! म्हणाली, "कपाटं राहू दे. तू ये." इथे राहिलो तर मला तिला मत देता येत नाही. लुसिलबाईंना राजीनामा दिला. उमेदवाराच्या नवऱ्याला मंडळातर्फे बोलता येत नाही, नियम म्हणजे नियम. कुठल्या पक्षातर्फे उभी राहतेय ते इथे लिहीत नाही.

पहिलं खोकं मी नेलं. रस्त्याच्या मधोमध पिवळा पट्टा आहे, त्याच्यावर मुद्दाम बूट घासून पुढे गेलो. मर्ना पलीकडच्या दारात उभी होती.

म्हणाली, "पाय पुसून या, मतदार."